स्प्रिंगमध्ये रबर घालण्याआधी टेप आणि टॉर्च घ्या

प्रश्न असा आहे: पेट्रोल हॅचबॅक, ९ वर्षांची, मध्यंतरी बाहेरून सीएनजी किट बसवलेली. राहायला साताऱ्यात, शेती कोरेगावकडे. घरची पाच माणसं आणि टाकीच्या पुढ्यात कोंबलेलं धान्याचं पोतं असलं की गाडी मागून बसते, गावातल्या गतिरोधकावर खालून घासते आणि यवतेश्वर घाटाच्या वळणांवर एका अंगाला कलते. ॲक्सेसरीच्या दुकानात सांगितलं की चारही स्प्रिंगांत रबर घाला, गाडी उंचही होईल आणि कडकही होईल. घालावं का?

मागच्या दोन स्प्रिंगांत, आधी तपासणी करून, घालायला हरकत नाही. पुढच्या दोनांत घालू नका. आणि तपासणीत स्प्रिंग किंवा तिची उसळी आवरणारा शॉकअप गेलेला निघाला तर मागेही घालू नका. उत्तर एवढंच आहे, पण रबर नक्की काय करतं ते कळल्याशिवाय ते पटणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे शॉकअपच्या दांड्यावरच्या किंवा स्प्रिंगच्या पोटातल्या मूळ रबरालाही बफर म्हणतात आणि बाजारातल्या या तुकड्यालाही. गोंधळ नको म्हणून इथे ‘रबर’ म्हणजे वेढ्यांच्या मधे घालायचा तुकडा आणि ‘स्टॉपर’ म्हणजे कंपनीने दिलेला मूळ बफर.

गाडीची कॉइल स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेली पोलादी सळई. चाक वर आलं की ही सळई आपल्या लांबीभर पिळली जाते. पिळायला जितकी जास्त सळई, तितकी स्प्रिंग मऊ. दोन वेढ्यांच्या मधे रबर घट्ट बसवलं की तेवढ्या भागाचं जवळ येणं अडतं आणि काम करणारे वेढे कमी होतात. समजा सहा वेढे काम करत होते आणि एक पुरता अडवला, तर पाच उरले. कडकपणा सहाला पाच या प्रमाणात वाढला, म्हणजे २० टक्के. दोन अडवले तर सहाला चार, म्हणजे ५० टक्के. एकाच स्प्रिंगमध्ये दोन-दोन रबरं घालून गाडी बैलगाडी झाली म्हणून तक्रार करणारे लोक येतात, त्यांना हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. हा झाला वरचा आकडा. रबर काही पोलाद नाही, ते स्वतः थोडं दाबलं जातं, आणि वेढाभर न बसवता पाव वेढ्याचा तुकडा एकाच जागी घातला तर वेढा अर्धवटच अडतो. त्यामुळे प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी मिळते.

आता याने गाडी किती उचलली जाते ते बघू. सोप्या आकड्यांनी घेतो, तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. मागची एक स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबायला २० किलो लागतात असं धरा. सीएनजी किट, टाकी आणि गॅस मिळून गाडीचं वजन साधारण ८० ते १०० किलोंनी वाढतं आणि त्यातलं बहुतेक मागच्या चाकांवर येतं. एका स्प्रिंगवर ४५ किलो धरले तर गाडी रिकामी असतानाच सव्वादोन सेंटिमीटर खाली आली. त्यावर माणसं आणि पोतं मिळून मागे आणखी २०० किलो आले, एका बाजूला १००, म्हणजे आणखी ५ सेंटिमीटर. आता रबर घालून स्प्रिंग २० टक्के कडक केली, तर हे ५ सेंटिमीटरचं बसणं ४.२ वर येतं. फायदा ८ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढाही नाही.

मग दुकानात रबर घातल्याबरोबर गाडी इंचभर वर आलेली दिसते ती कशी? गाडी जॅकवर असताना चाक लटकतं, वेढे फाकतात, त्या फटीत जाड रबर बसवतात. गाडी खाली आली की वेढ्यांना मूळ जागी यायला वाव राहत नाही, ते फाकलेलेच राहतात. म्हणजे स्प्रिंगमध्ये पाचर मारून उंची घेतली. बघायला छान वाटतं, पण त्या उंचीचा भुर्दंड उरलेल्या वेढ्यांना आणि चाकाच्या वर-खाली होण्याच्या जागेला बसतो. त्याचं पुढे सांगतो.

हे तुकडे मुळात शर्यतीतले. अमेरिकेत अंडाकृती ट्रॅकवर स्टॉक कार धावतात तिथे स्प्रिंगमध्ये रबर घालणं किंवा शर्यत चालू असताना पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, येऊन ते उपटून काढणं ही नेहमीची युक्ती आहे. स्प्रिंग न बदलता एका कोपऱ्याचा कडकपणा झटक्यात बदलता येतो. पण ती गाडी एकाच दिशेला वळते, ट्रॅक गुळगुळीत असतो, आणि एखाद्याच चाकाला मुद्दाम रबर घालून चार चाकांवरचा भार तिरपा वाटून घेतलेला असतो. आपल्याकडे तेच एका चाकाला केलं तर एका बाजूचं वळण वेगळं आणि दुसऱ्या बाजूचं वेगळं, आणि जोरात ब्रेक मारला की गाडी ओढणार. म्हणून ‘डावी बाजू जरा बसलीय, तिकडे एकच घाला’ असं कुणी म्हणालं तर घालू नका. एक बाजू बसली याचा अर्थ तिथे काहीतरी मोडलंय किंवा थकलंय.

इथून तपासणी सुरू होते. खर्च काही नाही, शिंप्याची टेप आणि टॉर्च पुरे.

सपाट जागा बघा. पेट्रोल पंपाचं काँक्रीट साधारण बरं असतं, घरापुढचा उतार चालणार नाही. गाडी रिकामी, हवा बरोबर, हँडब्रेक सोडलेला, गिअरही नको. गाडी थोडी पुढेमागे ढकलून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल, आणि चाकांना वीट लावा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत माप घ्या. चारही लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. डाव्या-उजव्यात १ सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंग काढून बघायला हवी. मग तुमच्याच मॉडेलची, सीएनजी नसलेली, कमी चाललेली गाडी ओळखीत शोधा आणि तिची मापं घ्या. तुमच्या मागच्या मापात दोन-अडीच सेंटिमीटरची घट असेल तर ती सीएनजीच्या वजनाची. चार सेंटिमीटर असेल तर वजनाखेरीज स्प्रिंगही बसली आहे, आणि बसलेल्या स्प्रिंगला रबर घालून तिची उंची परत येत नाही. तिथे नवी जोडीच लागते.

टॉर्च घेऊन मागच्या स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा बघा, जिथे ती वाटीत बसते. तिथे चिखल साचतो, रंग उडतो, गंज धरतो आणि तुटायची झाली तर बहुतेक वेळा स्प्रिंग तिथेच तुटते. टोकाचा अर्धा वेढा तुटून वाटीत पडलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. फक्त ‘मागून कट्ट आवाज येतो’ एवढीच तक्रार असते. पुढच्या चाकाला हेच झालं तर प्रकरण गंभीर आहे, कारण पुढे स्ट्रटवर, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या जोडावर, स्प्रिंग टायरच्या अगदी जवळ असते आणि तुटलेलं टोक टायर कापू शकतं.

मग शॉकअप. बाहेरून तेलाने ओले आणि त्यावर धूळ चिकटून थर जमलेला असेल तर विषय संपला. कोरडे असले म्हणून चांगले असं नाही. कोपरा दाबून सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली पाहिजे. मात्र ही परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला त्यातून सुटतो. त्यासाठी टायरवरून तळहात फिरवा. रबरात वाटीसारखे खळगे-उंचवटे एकाआड एक लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय.

स्टॉपर बघायला कुणी वाकत नाही. मी मात्र सगळ्यात आधी तोच बघतो. पाच-सात वर्षांत त्याचा फोम कोरडा पडतो, चुरा होतो, गळून जातो. मग गतिरोधकावरून उतरताना शेवटच्या टोकाला मऊ थांबा न मिळता लोखंडावर लोखंड आपटतं. मालक म्हणतो स्प्रिंग मऊ झाली, रबर घाला. खरं तर दोन नवे स्टॉपर घातले की निम्मी तक्रार जाते, आणि ते या रबराच्या जोडीपेक्षा सहसा स्वस्त पडतात.

घासणं नक्की कुठे होतं हेही बघा. गाडी सावकाश नेऊनही पोटाच्या मध्यभागी घासत असेल तर तो उंचीचा आणि गतिरोधकाच्या आकाराचा प्रश्न आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. आपल्या गावांत रात्रीत डांबर ओतून जी हातभर रुंदीची टेकाडं तयार होतात त्यांना कुठलाच नमुना नसतो. त्यांच्यावर ८ मिलिमीटरने काही होत नाही, तिरपं घालून एकेक चाक उतरवणं हाच उपाय. पण पुढची चाकं उतरून मागची चढून खाली येताना शेवटी मागे आपटत असेल, तर ते सस्पेन्शन पुरतं दाबलं गेल्यामुळे आहे आणि तिथे कडक स्प्रिंगचा खरा उपयोग होतो.

हे सगळं ठीक निघालं, म्हणजे स्प्रिंग अखंड, शॉकअप कोरडे आणि जिवंत, स्टॉपर शाबूत, आणि घट फक्त सीएनजीच्या वजनाएवढी, तर मागच्या दोन चाकांना रबर घालण्याला माझी ना नाही. टाकीचं वजन कायमचं आहे, रोज उतरवून ठेवता येत नाही. कायमच्या वाढीव वजनाला थोडी कडक स्प्रिंग हे बरोबरच गणित आहे. कंपनीतूनच सीएनजी म्हणून येणाऱ्या गाड्यांत मागचं सस्पेन्शन त्या वजनाला जुळवून दिलेलं असतं, बाहेर किट बसवणारा मात्र टाकी आवळतो आणि पैसे मोजतो. म्हणून रबरापेक्षा सरस मार्ग सांगतो. तुमच्याच मॉडेलची, त्याच पिढीची कंपनी-सीएनजी गाडी बाजारात असेल तर स्पेअरच्या काउंटरवर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर तुमच्या गाडीच्या नंबराशी ताडून बघा. वेगळा असेल आणि बसत असेल तर ती जोडी घ्या, सोबत शॉकअपही तिचेच. ९ वर्षांच्या गाडीला नाहीतरी ते लागणारच आहेत. रबर हा त्याआधीचा, कमी पैशातला पर्याय.

आता पुढच्या चाकांना का नको ते.

पहिलं कारण शॉकअप. स्प्रिंग धक्का घेते आणि परत फेकते, ती फेक आवरायचं काम शॉकअपचं. तो मूळ स्प्रिंगच्या मापाने बनवलेला असतो. स्प्रिंग २० टक्के कडक केली की त्याच शॉकअपची पकड त्या मानाने साधारण ९ टक्के कमी पडते. ५० टक्के केली तर १८ टक्के. नव्या शॉकअपला हे झेपेल, ९ वर्षांच्या शॉकअपने आधीच बरंच गमावलेलं असतं. मग गाडी कडक लागते पण स्थिर नसते, महामार्गावर टोलनाक्याआधीच्या रम्बलरवर, म्हणजे ओळीने आखलेल्या उंच पट्ट्यांवर, पुढचं चाक टपटप उडतं. उडालेलं चाक वळत नाही आणि ब्रेकही धरत नाही. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर ते तरंगणाऱ्या चाकाचा ब्रेक सोडतं आणि गाडी जास्त अंतर घेते. मागेही हेच होतं, पण मागे टाकीचं वजन बसलेलं आहे, त्यामुळे नुकसान कमी.

दुसरं, घाटातलं वागणं. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरच्या चाकांवर भार जातो. पुढचं आणि मागचं यांतलं जे टोक कडक, ते या भाराचा जास्त वाटा उचलतं आणि त्या टोकाची टायरपकड आधी संपते. पुढे कडक केलं तर हेअरपिनला नाक बाहेर जातं, स्टिअरिंग जास्त कापावं लागतं. मागे कडक केलं तर नाक आत येतं आणि शेपूट हलकी होते. थोड्या प्रमाणात हे चालतं, कारण रस्त्यावरच्या पुढून ओढणाऱ्या गाड्या मुळात नाक बाहेर जाणाऱ्याच बनवतात. पण मागे दोन-दोन रबरं, गाडीत एकटा माणूस, पावसाळ्यात यवतेश्वरचा उतार आणि घासलेले मागचे टायर असा योग जुळला की शेपूट निसटते, आणि ती सावरायची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. म्हणून मागे एकच, आणि चांगले टायर मागच्या चाकांना.

तिसरं कारण जागेचं. पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंगच्या आत शॉकअपचं नळकांडं आणि बाहेर बोटभर अंतरावर टायर. रबर जरा सरकलं तर यांपैकी कशालातरी लागणार. एकाच बाजूला घातलेल्या तुकड्याने स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि शॉकअपच्या दांड्यावर आडवा जोर येतो. सील फाटतं, तेल सुटतं. मागे, हॅचबॅकच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमवर, बहुतेक गाड्यांत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. जागा मोकळी, हात जातो, काय झालंय ते दिसतं.

मग वळणावरच्या कलण्याचं काय? ते पुढच्या अँटी-रोल बारच्या लिंक रॉडमध्ये (बारला चाकाशी जोडणाऱ्या दांडीत) आणि बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी अस्तरात) शोधा. हा बार दोन चाकांना जोडतो आणि एक वर, एक खाली जायला लागलं की पिळून विरोध करतो. दोन्ही चाकं एकदम वर आली तर गप्प बसतो, म्हणून गतिरोधकावर त्याचा त्रास नाही. लिंक रॉडचा बॉल जॉइंट ढिला झाला की वळणाच्या सुरुवातीला बार कामच करत नाही, गाडी आधी कलते आणि मग धरते. खराब रस्त्यावर सावकाश जाताना पुढून खुळखुळ असा हलका आवाज येत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच. सोबत लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) मोठं बुश टॉर्चने बघा, रबराला चीर गेलेली दिसेल. आणि हवा. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे दिलेले असतात. पाच माणसं, सीएनजी आणि पोतं ही भरलेली गाडी. मागच्या टायरमध्ये त्याप्रमाणे हवा भरल्यावर गाडीचं डुलणं किती कमी होतं ते बघा आणि मग दुकानात जा.

बसवायचंच ठरलं तर काळजी इथे घ्यायची.

माप गाडी जमिनीवर असताना घ्या, जॅकवर नाही. रोजची सवारी असते तेवढं वजन गाडीत ठेवा, चाकाच्या आडून हात घालून मधल्या दोन वेढ्यांतली फट मोजा. रबराच्या दोन खाचांच्या मधल्या भागाची जाडी या फटीएवढी हवी, फार तर एखाद-दोन मिलिमीटर जास्त. म्हणजे रिकाम्या गाडीत ते नुसतं टेकून राहील आणि भार आला की कामाला लागेल. दुकानात ए, बी, सी अशी अक्षरं सांगतात. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी, त्यावर विसंबू नका, मिलिमीटर विचारा. खाच सळईच्या जाडीला बसते का हेही बघा, सैल खाच सरकते.

स्प्रिंगचा आकार बघा. सगळ्या वेढ्यांत सारखं अंतर असेल तर प्रश्न नाही, मधला वेढा घ्या. टोकाचे चपटे वेढे काम करत नसतात, तिथे घातलेलं रबर फुकट. काही स्प्रिंगांत एका बाजूचे वेढे जवळजवळ असतात. ते मऊ वेढे, छोट्या खड्ड्यांसाठी ठेवलेले. रबर तिथे अडकवलं तर बारीकसारीक धक्के थेट पाठीत येतात आणि भरलेल्या गाडीत काहीच मिळत नाही, कारण भार आल्यावर ते वेढे तसेही मिटणारच होते. आणि पिंपासारखी, मधे फुगीर स्प्रिंग असेल तर तिला रबर नकोच. तिचे वेढे दाबल्यावर एकमेकांच्या पोटात शिरतात, तिथे आड काही ठेवलं तर स्प्रिंग पूर्ण दाबलीच जात नाही.

गाडी उचलताना नुसत्या जॅकवर सोडू नका, स्टँड लावा. फटीत बोटं घालायची आहेत. स्प्रिंग पाण्याने धुऊन कोरडी करा. रबर आत सरकवायला साबणाचं पाणी वापरा, ग्रीस किंवा ऑइल नको. त्याने नैसर्गिक रबर फुगतं, आणि पॉलियुरेथेनचा तुकडा असला तरी तो घसरत राहतो. दोन्ही बाजूंना वरून मोजून त्याच क्रमांकाचा वेढा, त्याच दिशेला तोंड. शक्यतो पूर्ण वेढाभर बसणारा तुकडा घ्या, अर्धा किंवा पाव नको. दोन्ही टोकांना जाड केबल टाय. काढलेल्या चाकाचे नट जमिनीवर गाडी आल्यावर पुन्हा आवळा आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा.

आता ते मघाशी राहिलेलं, पाचर मारून घेतलेल्या उंचीच्या भुर्दंडाचं. रबराने वेढ्यांची मिटायची जागा खाल्लेली असते. चाक मोठ्या खड्ड्यात पूर्ण वर येतं तेव्हा आधी स्टॉपर लागला पाहिजे. जाड रबरामुळे त्याआधीच वेढे एकमेकांवर आदळले तर सगळा धक्का पोलादाच्या सळईवर येतो. शिवाय चाक तेवढंच वर येऊनही कमी वेढ्यांना पिळावं लागतं म्हणून प्रत्येक वेढ्यावरचा ताण वाढतो, एक वेढा अडवला तर तोही २० टक्क्यांनीच. स्प्रिंगा एका दिवसात तुटत नाहीत, अशा रोजच्या जादा ताणाने आतून थकून तुटतात. चाक किती वर येतं ते बघायची सोपी पद्धत आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचं धुळीचं कव्हर वर सरकवा, दांड्याला एक बारीक केबल टाय बेताची घट्ट बांधून नळकांड्याला टेकवा. नेहमीच्या रस्त्याने भरली गाडी घेऊन एक फेरी मारून या. टाय दांड्यावर जिथे सरकून थांबली तिथपर्यंत शॉकअप आत गेला होता. हे रबर घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा करा. आधी टाय वरपर्यंत जात होती आणि आता थोडी खाली थांबते आहे, असं दिसलं तर रबर कामाला आलं. निम्म्यावरच थांबायला लागली तर ते फार जाड आहे, काढा.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर रबर काढून धुवायचं, यात सूट नाही. कास रस्त्यावर रोज ये-जा असणाऱ्या गाडीतून पावसाळा संपल्यावर असं रबर काढलं की खाचेत जांभ्याची लाल, दळल्यासारखी बारीक रेती लगद्यासारखी चिकटलेली निघते. ती पुसली की खाली सळईचा काळा रंग घासून गेलेला आणि त्या चकचकीत पट्ट्याच्या कडेला गंजाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. तो ठिपकाच पुढे चिरेची सुरुवात होतो. धुऊन, वाळवून, उघड्या पोलादावर गंजरोधक रंगाचा हात मारून पूर्ण सुकल्यावरच रबर परत बसवा. ठिपक्याच्या जागी नखाला खड्डा लागत असेल तर ती स्प्रिंग बदला.

रबर घातलं म्हणून गाडीची वजन उचलायची क्षमता वाढत नाही. मागे गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे ८२ असा आकडा असेल तर तो टायर जास्तीत जास्त ४७५ किलो उचलू शकतो, ८५ असेल तर ५१५ किलो, तेही पूर्ण हवा असताना. बेअरिंग, ब्रेक, बीमचे बुश हे सगळं मूळ वजनासाठीच बनलेलं आहे. पालीच्या यात्रेला सात माणसं बसवून गाडी बसली नाही म्हणून खूश होणारे असतात. त्यांच्या गाडीचे मागचे ब्रेक उतारावर काय म्हणत असतील ते विचारू नका. वॉरंटीतल्या गाडीत सर्व्हिस सेंटर या तुकड्यावर बोट ठेवू शकतं, तुमच्या ९ वर्षांच्या गाडीला तो प्रश्न नाही.

स्प्रिंगच्या पोटात बसणारी हवेची पिशवीही मिळते. ज्याचं ओझं रोज बदलतं, आज रिकामी, उद्या आठवडी बाजाराचा माल, त्याला ती बरी, हवा कमी-जास्त करता येते. तुमचं ओझं टाकीचं, ते बदलत नाही. आणि मागच्या स्टॉपरची जागा स्प्रिंगच्या पोटात असेल तर ती पिशवी बसवायला स्टॉपर कापतात, ते मला पटत नाही.

तुमच्या गाडीसाठी मी क्रम असा लावेन. आधी हवा आणि मापं. मग मागचे स्टॉपर नवे, पुढचे लिंक रॉड तपासून लागले तर नवे, आणि व्हील अलाइनमेंट. एवढ्यावर एक कोरेगावची भरली फेरी करून बघा. तरीही मागे आपटत असेल आणि शॉकअप चांगले असतील तर मागे एकेक रबर. शॉकअप गेलेले असतील तर रबराचे पैसे खर्च करू नका, तेच शॉकअपच्या जोडीत घाला आणि त्याच वेळी स्प्रिंगचं बघा, कारण मजुरी एकदाच पडते. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो. गाडी मागून बसलेली असताना कुणी तो खाली केलेला असेल तर आता तो रस्त्यात नाकासमोर पडेल. घरापुढच्या भिंतीवर रात्री झोत टाकून स्क्रूने परत जुळवून घ्या, गाडीत नेहमीची माणसं बसवून.